नाममुद्रा एकाची, गळा दुसरीचा
(धर्मापुरी येथे श्रावणातल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

संयोजकांनी मला विषय दिला तो गाजलेल्या संगीत-जोड्यांचा आणि त्यांच्यातल्या कुरबुरींचा. सिनेमातल्या एकदोन जोड्या त्यांनी सुचवल्याही होत्या. त्यांच्याकडे मी येईन. पण माईक, रेकॉर्ड आणि रेडिओ गावोगाव पोचायच्या आधी आपल्या मुलखात एक जोडी अशी गाजली की तिच्या नावावर माणसं कोस-कोस चालत यायची. ती जोडी म्हणजे पठ्ठे बापूराव आणि पवळा. आज मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दुसऱ्या नावाबद्दल.

बापूरावांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 1866 चा, गाव सांगलीकडचं रेठरे हरणाक्ष. घरात गावचं कुलकर्णीपण. हा ब्राह्मणाचा मुलगा कवनं करायला लागला, दुसऱ्यांच्या फडांना लावण्या देऊ लागला आणि शेवटी जातीचा रोष पत्करून स्वतःच फडात उभा राहिला. पवळा चार वर्षांनी लहान. पवळाबाई तबाजी भालेराव, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथली. महाराच्या घरातली लेक, खंडोबाला वाहिलेली मुरळी. तमाशात तोवर बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. बोर्डावर जातीनं उभ्या राहिलेल्या पहिल्या बायकांमध्ये पवळाचं नाव घेतात. लोक तिला 'नामचंद पवळा' म्हणायचे. तिला नुसतं पाहण्यासाठी पैसे घेतले जायचे, अशीही गोष्ट तमासगीर सांगतात.

बापूराव-पवळाचा फड मुंबईत गाजला, देशावर गाजला. 'मिठ्ठाराणी'चा वग शाहू महाराजांपुढे झाला. बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या असं म्हणतात. आकडा सोडून द्या, पण त्यांच्या गौळणीवाचून आणि मुंबईवरच्या लावणीवाचून आजही तमाशाची गोष्ट पुरी होत नाही.

आता एक बारकावा नीट लक्षात घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. शाहिराचं कवन संपतं तिथं शेवटच्या कडव्यात त्याचं नाव येतं. अभंगात जसं तुका येतो, तसा लावणीत शाहीर येतो. ही नाममुद्रा म्हणजे कवनाचा सात-बारा. दुसऱ्या फडानं कवन उचललं तरी मालक कोण हे गाणाऱ्याच्याच तोंडून कळतं. आता रात्रीचा खेळ डोळ्यांपुढे आणा. गण झाला, गौळण झाली, बतावणी आटोपली, रंगबाजीची लावणी सुरू झाली. ढोलकी चढत चाललीय, तुणतुणं मागून धरून आहे, झीलकरी पालुपद उचलतायत. माणसं पुढं सरकलीत ती पवळाकडे बघत. शेवटचं कडवं येतं आणि पवळा आपल्या तोंडानं नाव घेते ते बापूरावांचं. ज्या क्षणाला टाळ्या, शिट्या आणि फेटे उडतात, त्या क्षणाला तिच्या ओठांवर दुसऱ्याचं नाव आहे. रोज रात्री, वर्षानुवर्षं.

दौलतजाद्याचं मात्र उलटं. पैसा फेकणारा तो बाईकडे बघून फेकतो. फर्माईश तिला, इनाम तिच्या नावानं. म्हणजे कवनावर नाव एकाचं आणि पैसा येतो दुसरीमुळे. फड चालवणाऱ्या माणसाला विचारा, असा हिशेब किती दिवस बिनबोभाट चालतो.

तो चालला नाही. दोघांचं फाटलं, पवळा बाहेर पडली आणि बापूरावांच्या फडाला उतरती कळा लागली. फाटण्याची कारणं लोक निरनिराळी सांगतात. कुणी पैशावर बोट ठेवतो, कुणी स्वभावावर, कुणी तिच्या चंचलपणावर. हे शेवटचं कारण मला मुळीच पटत नाही. पुरुष फड सोडून गेला तर त्याला मानी म्हणायचं आणि बाई गेली तर चंचल, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मला वाटतं, जी बाई रोज रात्री दुसऱ्याचं नाव गाते, तिला कधी ना कधी स्वतःचा हिशेब मांडावासा वाटतोच.

असा ताण फक्त आपल्याकडेच येतो असं नाही. अमेरिकेत पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ही शाळेपासूनची जोडी. सायमन लिहायचा, चाल बांधायचा. गारफंकलचा गळा देवदत्त. 1970 च्या त्यांच्या शेवटच्या मोठ्या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं सायमननं लिहिलं आणि गारफंकल एकट्यानं गायला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे तेव्हा बाजूला बसलेल्या सायमनला वाटायचं, अरे, हे गाणं तर माझं! ते त्यानं पुढं उघडपणे सांगितलंय. जोडी त्याच वर्षी फुटली. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ते पुन्हा एकत्र गायले, चार-पाच लाख माणसं जमली, तरी मनं काही सांधली नाहीत. पण तिथं दोघांचीही नावं रेकॉर्डवर सारख्या टायपात होती, दोघंही एकाच भागात वाढलेले, एका जातकुळीचे. भांडण बरोबरीच्यांचं होतं.

हिंदी सिनेमाचे संगीतकार शंकर-जयकिशन यांचंही तसंच. त्यातले शंकर हैदराबादकडचे, म्हणजे आपण मराठवाड्यातले सगळे निजामाच्या राज्यात होतो तेव्हा आपल्याच संस्थानातले. कुठली चाल कुणाची हे बाहेर सांगायचं नाही, असं दोघांमध्ये ठरलेलं होतं, असं सांगतात. तो पडदा फाटला आणि दोघं वेगवेगळं काम करायला लागले. तरी 1971 मध्ये जयकिशन गेल्यावर शंकर यांनी पुढची सगळी वर्षं संगीत दिलं ते शंकर-जयकिशन याच नावानं. भांडण झालं तरी गेलेल्या माणसाचं नाव पुसलं नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पवळाच्या बाबतीत बरोबरीच नव्हती. बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचं कौतुक झालं, अजून होतं, आणि ते धाडस होतंच. त्यांचं ऋण मी नाकारणार नाही. पण पवळाला जात सोडता येणार नव्हती. ज्या जातीमुळे तिला मुरळी व्हावं लागलं, तीच जात तिला फडात घेऊन आली आणि तिथंही तिच्यासोबत राहिली.

ही गाठ ज्यांनी नेमकी ओळखली ते बाबासाहेब आंबेडकर. 1927 साली महाडच्या सत्याग्रहासाठी निधी जमत होता. बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न त्यासाठी देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार बायकांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यांची भूमिका होती. बापूरावांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण देणगीवर नाव कुणाचं लागणार होतं आणि ती कुणाच्या पायातल्या चाळांनी मिळवलेली होती, हा प्रश्न त्या नकारानं कायमचा उभा केला. त्या नकाराचा घाव बोर्डावर कष्टानं पोट भरणाऱ्या बायकांनाही लागला असणार. तेही विसरता येत नाही. त्यांना त्या देण्याबद्दल कुणी विचारलं होतं का?

पवळा 1939 मध्ये गेली. बापूराव 1945 च्या डिसेंबरात पुण्यात गेले, हलाखीत. बापूरावांची कवनं छापली गेली, त्यांच्या नावानं सिनेमा निघाला, पाठ्यपुस्तकांतून शाहिरांच्या मालिकेत त्यांचं नाव आलं. पवळाचं गाणं छापता येण्यासारखं नव्हतं. ते गळ्यात होतं, भुवईत होतं, गिरकीत होतं. अलीकडे इतिहासकार शैलजा पाईक यांनी 2022 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात पवळाला बापूरावांच्या सावलीतून बाहेर काढून स्वतंत्र माणूस म्हणून उभं केलं. त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या. हे काम व्हायला इतकी वर्षं लागली.

आपल्या इथल्या केदारेश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. त्या घडवणाऱ्यांचीही नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण निदान दगड तरी आहे. गळ्याला दगड नसतो, तो उरतो ऐकणाऱ्यांच्या आठवणीत. दसरा झाला की फड बाहेर पडायचे आणि आपली माणसंही ऊसतोडीला कोयते घेऊन कारखान्यांची वाट धरायची. पण यात्रेला जी गावी होती त्यांनी चैत्र-वैशाखातले खेळ पाहिलेत. या सभेत साठीच्या पुढची बरीच मंडळी, मावश्या-आज्या बसलेल्या मला दिसतायत. कुणाच्या यात्रेत कुठला फड यायचा, त्यात कोण बाई गायची, तिचं गाव कुठलं, ती पुढं कुठं गेली, हे तुम्हाला आठवत असेल. फडाच्या मालकाचं नाव सगळेच सांगतात. मला बाईचं सांगा. उद्या सकाळी दहा वाजेपर्यंत मी इथंच देवळाच्या ओट्यावर वही घेऊन बसणार आहे. ज्यांना चालत येणं होणार नाही त्यांनी घरचा पत्ता संयोजकांपाशी द्यावा, मी स्वतः येईन.