सायकलवरून बीदर : एक पंक्चर आणि एक खोटं पत्र

आज किल्ल्याची नाही, किल्ल्याबाहेरच्या जुन्या गावाची गोष्ट.

उदगीरहून भालकीमार्गे सायकलने बीदरला निघालो, तेव्हा माझं सगळं लक्ष मोबाइलमधल्या सरासरी वेगावर होतं. शेवटच्या चढाने दम काढला, आणि जुन्या गावात शिरताच मागचं चाक बसलं.

चौबाऱ्याजवळ पंक्चरवाले चाचा भेटले. चौबारा म्हणजे ऐन चौकातला ७१ फुटी गोल टेहळणी बुरूज. चाचा म्हणाले, “अर्धा तास लागेल. तोवर मदरसा बघून या.” म्हटलं, ठीक आहे, पायी तर पायी.

आणि मंडळी, पायी गेलो म्हणूनच गाव दिसलं. एका गल्लीतून ठकठक आवाज येत होता. आत बिदरीचं काम चाललेलं. जस्त-तांब्याच्या भांड्यावर नक्षी कोरायची, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि मग किल्ल्यातल्या मातीने भांडं काळं करायचं. चांदी मात्र पांढरीच राहते.

पुढे महमूद गावानचा मदरसा. १४७२ सालचा, तीन मजली. एकच मिनार उभा आहे, त्यावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. बाकीचा बराच भाग १६९६ च्या स्फोटात गेला.

हा गावान इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. गोवा जिंकून दिला, कारभार सुधारला. साहजिकच दरबारात शत्रू झाले. फिरिश्ता लिहितो, की त्यांनी शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, कोऱ्या कागदावर गावानचा शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतान दारूच्या नशेत. गावान म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. कोणी तपासलंच नाही. १४८१ मध्ये त्याला मारलं. सुलतानाला पस्तावा झाला, पण वर्षभरात तोही गेला आणि राज्याचे तुकडे पडायला लागले.

मी पायरीवर बसलो आणि पोटात गोळा आला. महिन्यापूर्वी कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राबद्दलचा स्क्रीनशॉट आला होता. नाव त्याचं, फोटो त्याचा. मी एक हसरा चेहरा टाकून तो पुढे ढकलला. नंतर कळलं, खोटा होता. तो ग्रुप सोडून गेला. मी गप्प बसलो. कारण काय, तर “मी थोडाच बनवला होता?”

पण गावानच्या पत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांनीही ते पत्र बनवलं नव्हतंच की.

तिथूनच फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. म्हटलं, “चूक माझी होती. ग्रुपवरही सांगतो.” तो एवढंच म्हणाला, “आधी ग्रुपवर सांग. मग बोलू.”

बरोबरच होतं त्याचं. तिथेच बसून मेसेज टाइप केला आणि पाठवला. मग चाचांकडे गेलो. चाक तयार होतं.

परतीच्या वाटेवर सरासरी वेग बघितलाच नाही. भेटू पुढच्या भागात!