हरकतींच्या मुदतीत लिहा



मी मुंबईत टेलिफोन इंजिनिअर होतो. नोकरी सांभाळून एलएल.बी. केलं आणि पुढची सगळी वर्षं दूरसंचार नियमनाच्या कामात गेली. पण कान घडले ते केबलवर. त्या काळी तांब्याच्या तारांवर कागदाचं वेष्टण असे, वर शिशाचं कवच. पावसाळ्यात जॉइंटमधून पाणी झिरपलं की कागद भिजे आणि फोन उचलताच भलत्याच घरातलं बोलणं ऐकू येई. मग मॅनहोलमधलं पाणी उपसून जॉइंटर आत उतरत. भिजलेल्या जोड्यांवर उकळतं मेण ओतत, बुडबुडे थांबेपर्यंत. बुडबुडे म्हणजे ओल. ते थांबल्याशिवाय म्हातारे जॉइंटर शिशाला हात लावू देत नसत, मग वरून साहेब कितीही ओरडोत.

नियम करणाऱ्यांमध्ये ही सबुरी मला फार कमी दिसली, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. इंजिनिअरला बोलावतात ते मसुदा टाइप होऊन आल्यावर. त्याचं टिपण परिशिष्टात जातं आणि परिशिष्ट कोणी उघडत नाही. एका सुनावणीत दोन्ही बाजूंचे नामवंत वकील कॉल ड्रॉपवर तासभर बोलले; एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कॉल जातो कसा, हे एकानंही विचारलं नाही. मला त्याचा आजही संताप येतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं नियम केला: कॉल तुटला तर कंपनीनं ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलचा. दिल्ली उच्च न्यायालयात तो टिकला. ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. ट्रायच्याच तांत्रिक टिपणात लिहिलं होतं की सरासरी ३६.९ टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात. शिवाय दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटणं गुणवत्तेच्या नियमांना मान्य होतं. तेवढं पाळणाऱ्या कंपनीलाही भुर्दंड होताच. ग्राहकाची तक्रार रास्त होती. लाखो लोकांचं रास्त गाऱ्हाणं हरलं, कारण नियम आणि ट्रायचंच टिपण एकमेकांशी जुळत नव्हतं. नियम करताना लोकांची मतं मागवावीत आणि कारणं द्यावीत असा सर्वंकष कायदा संसदेनं करावा, असंही न्यायालयानं त्याच निकालात सुचवलं होतं. तो अजून झालेला नाही.

म्हणून कायद्याच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: यंत्र कसं चालतं ते समजेपर्यंत मसुद्याला हात लावू नका. आणि इंजिनिअर मुलांनो, कलम वाचायला शिका. कायदा आपलं काम नाही म्हणून उठून जाऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नियम सध्या घडताहेत. मसुदे जाहीर होतात, हरकतींना मुदत असते. त्या मुदतीत कंपन्या लिहितातच. तुम्हीही लिहा, आकड्यांसह लिहा.