टपालाची वाहने आणि अखेरची वाट



टपालाचे वाहन भूप्रदेशच ठरवितो. पूर्वी भाल्याला घुंगरू बांधून हरकारा रानावनांतून थैली पोहोचवी. पुढे राजस्थानच्या वाळवंटात उंट, दल सरोवरात शिकारा, शहरांत सायकल व मोटार ही साधने आली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीस हजारो पत्रे विमानाने गेली. जगातील अधिकृत हवाई टपालाचा तो आरंभ होय.

महाराष्ट्रात रेल्वे आणि एस. टी. यांनी थैल्या दूरवर नेल्या. परंतु शाखा डाकघरापासून वाडीपर्यंतची वाट ग्रामीण डाकसेवकाची. सपाटीवर सायकल किंवा मोटारसायकल चालते. सह्याद्रीच्या चढणीवर पाय हेच वाहन. पावसाळ्यात साकव वाहून गेला, की नोकरीच्या मुलाखतीचे पत्र ओढ्याच्या अलीकडेच थांबते आणि मुलाखतीचा दिवस टळून जातो. विमानाने वाचविलेला वेळ तेथे वाया जातो.

म्हणून ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी साकव व पायवाटा दुरुस्त कराव्यात, घरांना ठळक क्रमांक द्यावेत. शिक्षकांनी १९७२ साली सुरू झालेल्या पिन कोडासह पूर्ण पत्ता लिहिण्याची सवय मुलांना लावावी. वाहन शासन पुरवील. वाट मात्र गावाने राखावयाची आहे.