लांबची वाट, थोडा वेळ

परदेशीं असलेला मुलगा किंवा मुलगी घरीं यावयाची असली, म्हणजे वडील मंडळी नकाशा पुढें घेऊन बसतात, अंतर मोजतात आणि विमान केव्हां पोहोंचेल याचा हिशेब मांडतात. हा हिशेब पुष्कळदां चुकतो. त्यांत दोष गणिताचा नसतो. आकाशांत अंतर आणि काळ यांचें नातें आगगाडीच्या रुळांइतकें सरळ नसतें, हें त्याचें कारण.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को, हीं दोन शहरें उदाहरणादाखल घ्यावीं. पृथ्वीच्या गोलावर या दोहोंमध्यें दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे चढत ७५ अक्षांशापर्यंत जातो. हीच खरी जवळची वाट. लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर. परंतु ती हिमालय आणि तिबेटचें पठार ओलांडून जाते. विमानाच्या आंतील हवेचा दाब अकस्मात् नाहींसा झाल्यास त्याला दहा हजार फुटांच्या आसपास खालीं उतरावें लागतें. आणि तेथें जमीनच त्याहून उंच! म्हणून वळसा घेणें प्राप्त होतें.

एअर इंडियानें डिसेंबर २०१५ मध्यें या दोन शहरांत विनाथांबा सेवा सुरू केली. प्रथम विमान युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्यें तेंच विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यांत आलें. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनीं अधिक. तरीहि प्रवास सुमारे साडेचौदा तासांत आटोपला, म्हणजे पूर्वीपेक्षां दोन तास आधीं!

याचें श्रेय वाऱ्याला. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. प्रवाहाबरोबर जाणारी नाव आणि प्रवाहाविरुद्ध वल्हविली जाणारी नाव यांत जो भेद, तोच येथें. वारा पाठीशीं असला, म्हणजे लांबची वाटहि लवकर सरते.

घड्याळाची गंमत याहून निराळी. उन्हाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोचें घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागें असतें. दिल्लीहून पहांटे चार वाजतां निघालेलें विमान साडेचौदा तासांनीं उतरलें, तर तेथें त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात. घड्याळाच्या हिशेबानें प्रवास अवघा दोन तासांचा. थकलेल्या शरीराचा हिशेब मात्र साडेचौदा तासांचाच!

वारा आणि डोंगर यांच्यावर माणसाची सत्ता नाहीं. पण कांहीं अडथळे माणसानेंच उभे केलेले असतात. फेब्रुवारी २०१९ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तें जुलैपर्यंत. तेवढ्या काळांत दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांस दक्षिणेकडून वळसे घालावे लागले, आणि अमेरिकेस विनाथांबा जाणाऱ्या कांहीं विमानांस इंधनासाठीं वाटेंत उतरावें लागलें. नकाशावरील अंतर एका बोटानेंहि वाढलें नव्हतें. वाढली होती ती दोन शेजाऱ्यांमधली दुरी.

तेव्हां घरच्या माणसाची वाट पाहणाऱ्यांनीं किलोमीटर मोजण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : वारा कोणीकडचा, घड्याळ कोठचें, आणि वाटेंतलीं दारें उघडीं आहेत कीं मिटलेलीं?