सेवेचे इन्व्हेंतार
(महाजन कुटुंबीयांच्या मेळाव्यातील भाषण)



गोमंतकात कोणी गृहस्थ निवर्तला की त्याच्या मालमत्तेचे इन्व्हेंतार होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही वहिवाट २०१२ च्या गोव्याच्या वारसाहक्क कायद्यानेही कायम ठेवली आहे. जुनी मंडळी ज्याला ‘काबेस द काझाल’ म्हणत, तो शपथेवर यादी सादर करतो. भाट, शेत, घर, दागिने, सारे काही त्या यादीत येते. एखाद्या जिनसेविषयी एकमत झाले नाही तर वारसांमध्येच बोली लागते. मुलांचा निम्मा भाग तर इच्छापत्र करूनही सहसा हिरावता येत नाही. इतका चोख हिशेब ठेवणाऱ्या या प्रांतात एका गोष्टीची यादी मात्र कधीच होत नाही. तोच गृहस्थ किंवा त्याची पत्नी हयात असताना, अंथरुणास खिळली असताना, रात्री त्यांना कुशीवर कोणी वळवायचे, पेज कोणी भरवायची, डॉक्टरांकडे कोणी न्यायचे, याची वाटणी कोणी मागत नाही. तेथे बोलीही लागत नाही! सर्वजण मौन पाळतात आणि त्या मौनात सगळा भार एका व्यक्तीच्या अंगावर येऊन पडतो. ती व्यक्ती बहुधा घरातील थोरली सून असते.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण गोव्यात शेकडा ११ च्या वर होते. या बाबतीत केरळाच्या खालोखाल गोव्याचाच क्रमांक लागला. मुले मुंबई, पुणे, आखाती देश, अमेरिका अशी पांगलेली आणि मोठ्या चौसोपी घरात दोन वृद्ध जीव, हे चित्र फोंडा महालात काही अपूर्व नाही.

अशाच एका घराची हकीकत बोलकी आहे. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घरातील आजी ब्याऐंशी वर्षांच्या. थोरला मुलगा व सून घरी, मधला पुण्यास, धाकटा परदेशी, मुलगी बेळगावास दिली आहे. वीस वर्षांपूर्वी या घरात नात जन्मली तेव्हा बाळाला न्हाऊ घालण्यासाठी सत्तरीतील एक बाई आली आणि पुढे तीन वर्षे आया म्हणून राहिली. तिचा हात हलका होता, परंतु जुन्या चालीप्रमाणे ती बाळाच्या नाकाकानांत तेल सोडी आणि गुटीत मध घाली. हे दोन्ही डॉक्टरांस मंजूर नव्हते. वर्षाच्या आतील बालकाला मध देऊ नये, त्यातून आतड्यांत विषार निर्माण होण्याचा धोका असतो, हे आज सर्वत्र सांगितले जाते. सूनबाईंनी त्या वेळी केले ते अनुकरणीय होते. चार माणसांत बाईला बोल न लावता त्यांनी तिलाच बालरोगतज्ज्ञांकडे सोबत नेले आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकविले. बाईचा मान राहिला, मधाची बाटली फळीवर गेली. अनुभवी बाईला अनुभवी समजून वागविले की ती नवे शिकते. नोकर समजून दटावले की पाठीमागे जुनेच करीत राहते.

आया ठेवताना कुटुंबे पगाराची घासाघीस करतात आणि बाकी सारे अध्याहृत ठेवतात. वास्तविक पहिल्या दिवशीच बोलावयाचे ते कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, आजारपणातील पगार आणि चवथीची रजा. चवथीवरूनच अर्धे तंटे होतात. घर पाहुण्यांनी भरलेले असते तेव्हाच बाईलाही आपल्या घरचा गणपती असतो. ती न सांगता गेली असे म्हणून तिला दोष देण्यापूर्वी तिला कोणी विचारले होते काय, हे पाहिले पाहिजे. आणखी एक गोष्ट. चौदा वर्षांखालील मुलीला घरकामास वा मूल सांभाळण्यास ठेवणे २००६ च्या ऑक्टोबरपासून कायद्याने बंद आहे. ‘पोरीला दोन घास मिळतात’ हे समर्थन आता चालत नाही आणि तेव्हाही ते चालावयास नको होते.

तीच सत्तरीची बाई तीन वर्षांपूर्वी पुन्हा या घरी आली, ती आजींसाठी. मांडीचे हाड मोडून आजी अंथरुणावर होत्या. पावसाळ्यात न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरला होता. भिंतीला धरावयास एक दांडी आणि रात्री जळणारा एक लहान दिवा, एवढ्यानेही कदाचित ते टळले असते. दोन्ही वस्तू अपघातानंतर बसल्या. आता बाईचे काम निराळे होते. बाळ दिवसेंदिवस शिकत जाते, वृद्ध माणूस दिवसेंदिवस विसरत जाते. सायंकाळ झाली की आजी माहेरी जाण्याचा हट्ट धरीत. माहेर केव्हाच मोडले होते. थोरला मुलगा प्रत्येक वेळी खरे काय ते समजावून सांगे आणि आजी प्रत्येक वेळी नव्याने रडत. बाई म्हणे, “जाऊया हां आई, आधी पेज घ्या.” पेज होईपर्यंत हट्ट विरून जाई. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, असे वैद्यकही सांगते. बाईला ते मुलांच्या हट्टांवरून उमगले होते.

तथापि काही गोष्टी जिव्हाळ्याने कळत नाहीत, शिकवाव्या लागतात. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाच, नितंब येथील कातडी लाल दिसू लागली की ती शय्याव्रणाची पहिली खूण समजावी. भरविताना पाठीला टेकू देऊन बसवावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. काल शुद्धीवर असलेला वृद्ध आज एकाएकी बरळू लागला तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. पुष्कळदा त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा नवे औषध असते. यासाठी या घरात एक वही ठेवली होती. औषध किती वाजता दिले, लघवी-शौच, झोप, ताप, सारे त्या वहीत. बाईला लिहिता येत नसे म्हणून ती खुणा करी आणि रात्री सून अक्षरांत उतरवी. डॉक्टरांस त्या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा नातलगांच्या दूरध्वनींचा झाला नाही.

दर दोन तासांनी कूस बदलावयाची म्हणजे रात्रीही बदलावयाची. दिवसा बाई होती, रात्री कोण? रात्री सूनच. तिचे वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे. जत्रेला सर्व भावंडे जमली तेव्हा आजींचे पातळ मळके का, यावर मुलीने दोन शब्द ऐकविले. सून त्या वेळी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना, ताप होता. त्या रात्री मुलीने आणि पुण्याच्या मुलाने आळीपाळीने आजींच्या खोलीत जागून काढली. सकाळी चहाच्या वेळी कोणी पातळाचा विषय काढला नाही.

त्याच दुपारी माजघरात भावंडे बसली आणि आईच्या हयातीतच इन्व्हेंतार झाले, सेवेचे. दुसरी बाई रात्रीसाठी ठेवावयाची, तिचा पगार परदेशीच्या मुलाने द्यावयाचा. चवथीचे आठ दिवस पुण्याचा मुलगा येऊन राहील, म्हणजे सत्तरीच्या बाईला घरी जाता येईल. मे महिन्यात मुलगी येईल आणि सून पंधरा दिवस माहेरी जाईल. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांची जी योजना खुली केली आहे, तिचे कार्ड काढण्याचे काम थोरल्याकडे. तोंडी ठरले असते तर पुढील जत्रेपर्यंत विसरले असते. म्हणून कागदावर लिहिले आणि चौघांनी सह्या केल्या.

येथे कायद्याचा उल्लेख ओझरता करणे भाग आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यान्वये निर्वाह मागण्याचा हक्क वृद्धांना आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून खाली नसलेल्या अधिकाऱ्यापुढे अर्ज चालतो. निपुत्रिक वृद्धाच्या बाबतीत, ऐपत असलेल्या ज्या नातलगाच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा जो तिचा वारस होणार आहे, त्याच्यावर ही जबाबदारी येते. म्हणजे हिस्सा आणि सेवा यांची सांगड कायद्यानेही घातली आहे. हयातीत दानपत्र करणाऱ्यांनी ‘सांभाळ करीन’ ही अट त्या दस्तऐवजात स्पष्ट लिहून घ्यावी. ती मोडली तर कलम २३ खाली दान रद्द ठरविता येते. अट लिहिलेली नसली तर पुढे सिद्ध करणे कठीण जाते. अर्थात जेथे प्रकरण तेथवर गेले तेथे पेज भरवायला कोणी उरलेले नसते.

त्या घरच्या कागदाची एक ओळ राहिली. सर्व लिहून झाल्यावर सूनबाईंनी विचारले की आईंना काय हवे ते कोणी विचारले आहे काय? कोणी विचारले नव्हते. आजी त्या दिवशी बऱ्या शुद्धीत होत्या. माहेरचे नाव त्यांनी काढले नाही. पालखी निघताना सभामंडपात बसावयाचे आहे, एवढेच म्हणाल्या. चाकाची खुर्ची पायऱ्यांवरून उचलावयास चार हात लागतात. थोरला आणि पुण्याचा मुलगा, अशी दोन नावे त्या कागदाच्या शेवटी लिहिली गेली.