दामोदर मावळंकर : सिद्धी आणि संसार



पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादेत आपण मराठी घरे जपली, तशीच ती पूर्वी अहमदाबादेतही नांदत होती. तेथील एका कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात सप्टेंबर १८५७ मध्ये दामोदर कृष्ण मावळंकर जन्मले. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्ही योजिले आहे.

बालपणी मोठ्या दुखण्यात एका तेजःपुंज पुरुषाने आपणांस औषध दिले, असे ते सांगत. पुढे मॅडम ब्लाव्हाट्स्कींचा ‘आयसिस अन्व्हेल्ड’ त्यांच्या वाचनात आला. मॅडम व कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस उतरले आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दामोदर थिऑसॉफिकल सोसायटीत दाखल झाले.

त्यांच्या दिव्यदृष्टीचा बोलबाला झाला. १० नोव्हेंबर १८८३ रोजी मुरादाबादेस ते म्हणाले, ‘सूक्ष्म देहाने अड्यारला जाऊन आलो, मॅडम पडल्या, उजव्या गुडघ्यास लागले.’ ऑल्कॉटनी तेथल्या तेथे उपस्थितांच्या सह्या घेतल्या, आणि मागाहून मद्रासहून तशीच तार आली! ऑल्कॉट हे सोसायटीचे अध्यक्ष, तटस्थ साक्षीदार नव्हेत, हे मात्र विसरू नये. लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेने पाठविलेल्या हॉजसन साहेबांनी १८८५ च्या अहवालात मॅडमला लबाड व दामोदरांना त्यांचे साथीदार ठरविले. पुढे १९८६ मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी तो अहवाल पक्षपाती असल्याचे दाखविले. त्याने फिर्यादीची बाजू लंगडी पडली; चमत्कार सिद्ध झाला असे नव्हे.

आम्हांस स्वतःस गुडघ्याच्या तारेपेक्षा कचेरीतले दामोदर अधिक ओळखीचे वाटतात. ऑक्टोबर १८७९ पासून निघालेल्या ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. वर्गणी, पत्रव्यवहार, ग्रंथविक्री हे सारे त्या काटकुळ्या तरुणाच्या अंगावर. प्रकृतीस ते झेपले नाही. ट्रस्टची वहीखाती ज्यांनी रात्री जागून लिहिली, त्यांना अधिक सांगणे नलगे.

आता घरची बाजू. मुलाबरोबर वडीलही सोसायटीत आले होते. पण मुलगा जात सोडून संन्याशासारखा राहू लागताच ते बाहेर पडले. १८८० मध्ये सिलोनला जाऊन त्याने बौद्धांचे पंचशील घेतले होते. बापाचा जीव तुटला असेल, यात नवल काय? दामोदरांनी वडिलोपार्जित इस्टेटीवरचा हक्क सोडला; अट एकच, बालपणी लग्न झालेल्या पत्नीस वडिलांच्या घरी आसरा मिळावा. तिच्या अन्नवस्त्राची सोय झाली, हे खरे. पण तिला कोणी विचारले होते काय? दामोदरांच्या त्यागाची स्तुती आम्हीही करतो, परंतु त्या त्यागाचा अर्धा हप्ता त्या मुलीने भरला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२३ फेब्रुवारी १८८५ रोजी त्यांनी अड्यार सोडले. कलकत्ता, दार्जिलिंग, आणि १३ एप्रिलला सिक्कीमची वाट; तिबेटात गुरूंकडे जावयाचे होते. वय अवघे सत्तावीस. रोजनिशी २३ एप्रिलपर्यंत लिहिलेली आहे. ती आणि सामान घेऊन हमाल माघारी आले. दामोदर आले नाहीत.