एक देव, दोन गावं आणि एक करार

अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. देव एक, देवळं दोन. पालखी निघण्याआधी दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसतात, देव नेण्या-आणण्याचा लेखी करार होतो आणि मगच मूर्ती जागची हलते. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. मुदत सरली की देव ठरल्याप्रमाणे परत येतो. इथल्या माणसाला यात नवल वाटत नाही, कारण हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं आहे. बाहेरून आलेला मात्र 'लेखी करार' या दोन शब्दांशी थबकतो. दोन गावांना जीव की प्राण असलेली एकच गोष्ट वाटून घ्यायची, तर श्रद्धेइतकाच कागदही लागतो, हे या दोन गावांनी फार पूर्वी ओळखलं.

आजचा विषय आहे स्थानिक माणूस, त्याचं शिकणं आणि त्याचं काम यांची जोडणी. सुरुवात देवळापासून झाली, कारण या विषयात नेमका तो करार हरवलेला आहे. तुळजापूर तालुक्याला आयटीआय आहे. अणदुरात जवाहर विद्यालय आणि महाविद्यालय आहे, आलुरे गुरुजींसारख्या शिक्षकाने घडवलेली शिक्षणाची परंपरा आहे. जिल्ह्यात बँकांचं स्वयंरोजगार प्रशिक्षण आहे, पंचायत समितीत 'उमेद'चे बचतगट आहेत. पन्नासेक किलोमीटरवर सोलापूर आहे आणि दारावरून हैदराबादला जाणारा महामार्ग आहे. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा, शेवटची तारीखही वेगळी. या सगळ्यांनी एका टेबलाशी बसून 'तुझं काय, माझं काय' हे लिहून काढल्याचं मात्र दिसत नाही.

त्याचा परिणाम पाहायचा असेल तर बसस्थानकावर उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या हातातली प्लॅस्टिकची फाइल उघडावी. दहावीचं, बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, एमएससीआयटीचं प्रमाणपत्र आणि चार पासपोर्ट फोटो. कोपरे दुमडलेले, कारण फाइल अनेक खिडक्यांवर फिरून आली आहे. हा मुलगा वडिलांच्या विहिरीवरची मोटार स्वतः उतरवतो, ठिबकच्या नळ्या जोडतो, मामाच्या गॅरेजात दोन उन्हाळे काढून आलेला असतो. त्या फाइलीत त्याच्या हाताला काय येतं, याचा एकही कागद नाही.

ही जोडणी कशी करायची, हे शिकायला अणदूरला लांब जायची गरज नाही. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. 'हॅलो' या नावाची फोड 'हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन' अशी, म्हणजे आरोग्य आणि स्वयंशिक्षण. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दिलेलं हे नाव पुढे गावातल्या बायकांनी सार्थ केलं. गावातलीच एक बाई निवडायची, तिला ताप, जुलाब, बाळंतपणातले धोके ओळखायला शिकवायचं आणि तिला नाव द्यायचं 'भारतवैद्य'. आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडमध्ये घालून दिलेली वाट इथे बालाघाटाच्या कुशीत पुढे चालली.

भारतवैद्य होणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदा थर्मामीटर येतो, तो क्षण डोळ्यांसमोर आणावा. काचेच्या नळीतली पाऱ्याची रेघ दिसत नाही. नळी बोटांत थोडी फिरवावी लागते, उजेडाकडे धरावी लागते, मग ती रेघ एकदम चमकते. जिचं शिक्षण चौथी-सातवीत थांबलं, तिला आकडा वाचता आला की त्याच आठवड्यात शेजारणीच्या लेकराचा ताप मोजायला बोलावणं येतं. इथे शिकणं आणि काम यांच्यात चार घरांचं अंतर असतं. शिकवणारा अणदुरात, काम गावात आणि दोघांमधली नेहमीची ये-जा ठरलेली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' हे पद देशभर नेलं ते २००५ नंतर. या तालुक्याला ती बाई त्याआधीच ओळखीची झाली होती.

जोडणीचा दुसरा धडा भूकंपानंतरचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं, यांनीच झोपेतल्या माणसांना गाडलं. पुढे पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला. जी घरं पडली नव्हती ती मजबूत करायची होती. माळवदावरची माती कमी करा, कोपरे बांधा, भिंतीचे दोन पदर आरपार जोडा, असं इंजिनिअर सांगत. घर मात्र मालकाने स्वतः दुरुस्त करायचं, अनुदान हप्त्यांनी मिळायचं. सरकारचा कागद आणि गावातला गवंडी यांच्यामध्ये कुणीतरी हवं होतं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्या जागी गावोगावच्या बायका उभ्या केल्या आणि शासनाने त्यांना 'संवाद सहायक' म्हणून मान्यता दिली. ज्या बाईने जन्मभर भिंत फक्त सारवली होती, ती आता गवंड्याला विचारू लागली, इथे जोड का घेतला नाहीस?

संवाद सहायक. सरकारी भाषेतला असून हा शब्द नेमका आहे. कौशल्याच्या आजच्या योजनांमध्ये प्रशिक्षक आहे, परीक्षक आहे, प्रमाणपत्र आहे. संवाद सहायक नाही.

या बायका तिथेच थांबल्या नाहीत. बचतगट झाले, व्यवसाय आले. पुढे कमी धुराची, कांड्यांवर चालणारी चूल घरोघरी विकायचं काम त्यांच्याकडे आलं. मोठी कंपनी, विज्ञान संस्थेचं तंत्र आणि गावातल्या विक्रेत्या सख्या अशी ती भागीदारी होती. चुली खपल्याही खूप. पण कांड्यांचा कच्चा माल महागला, कांड्या महागल्या आणि घरातली चूल मागे पडली. विकण्याचं कौशल्य बायकांकडे आलं होतं, इंधनाचा भाव मात्र त्यांच्या हातात नव्हता. भागीदारीत जोखीम कोणाच्या पदरात पडते, हे आधी लिहून घ्यायला हवं, याचं याहून जवळचं उदाहरण नाही.

दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी दुसरी वाट धरली. नवऱ्याकडे, सासऱ्याकडे अर्धा-एक एकर रान मागायचं आणि त्यात ऊस-सोयाबीनऐवजी घरात शिजेल ते पिकवायचं: भाज्या, डाळी, ज्वारी. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामाचा चेहरा झाल्या. २०१७ साली स्वयम् शिक्षण प्रयोगाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तो एक एकर म्हणजे बायकांनी घरातल्या घरात केलेला करारच होता. त्यात जमीन, श्रम आणि निर्णय कोणाचा, हे सारं ठरलेलं होतं.

आता शहराकडे पाहू. पुण्यात महापालिका, कंपन्या आणि पुणे सिटी कनेक्ट ही संस्था यांनी मिळून 'लाइटहाऊस' केंद्रं सुरू केली. सुरुवात २०१६च्या सुमारास औंधला झाली. जागा महापालिकेची, पैसा बराचसा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामावर खर्चायला बांधून घेतलं, त्याचा हा चांगला उपयोग. वस्तीतली मुलं-मुली तिथे येतात, तेव्हा पहिल्या दिवशी कुणी टॅली किंवा शिलाई समोर ठेवत नाही. आधी काही आठवडे बोलणं, स्वतःला ओळखणं, चारचौघांत उभं राहणं. मग समुपदेशकाशी बैठक, मग अभ्यासक्रमाची निवड, मग नोकरी. या क्रमात खरं शहाणपण आहे. ज्या मुलीला घरातून बाहेर पडण्याची परवानगी आठवडाभराचीच मिळाली आहे, तिच्याशी अभ्यासक्रमाआधी तिच्या घराविषयी बोलावं लागतं.

शहराबाहेर याच राज्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या कोरड्या गावात गेले. शाळेत नापास ठरलेली मुलं तिथे वेल्डिंग, वीज, शेती, बांधकाम शिकतात आणि शिकता शिकता गावाची कामं पैसे घेऊन करून देतात. गेट बनवलं तर ते कुणाच्या तरी दाराला लागतं, वाकडं असेल तर तोच माणूस परत येतो. परीक्षा अशी गावच घेतं.

सरकारकडून काही येत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. हजारो मुलं कार्यालयांत काम शिकली, आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हे विचारायला त्यांना रस्त्यावर यावं लागलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. नेताना तारीख लिहिली होती, परत आणण्याचं कलम लिहायचं राहून गेलं होतं.

म्हणून सोलापूर, नळदुर्ग, अणदूर, उमरगा हा महामार्गालगतचा सारा पट्टा एकच शहर मानावा आणि त्याचा एक करार व्हावा. काम इथे आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकरी खर्चाच्या दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. ऐन हंगामात पंप बंद पडला आणि कंट्रोलरवर बिघाडाचा इशारा दिसू लागला, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक वाळतं. फाइल घेऊन उभा असलेला तो मोटार उतरवणारा मुलगा दोन महिन्यांच्या शिकवणीत हे काम करू शकतो. कंपनीला हमी पाळायला माणूस हवा, आयटीआयला विद्यार्थी हवा, शेतकऱ्याला पाणी हवं. उस्मानाबादी शेळी हा तर जिल्ह्याच्या जुन्या नावाचाच धंदा, तिथे लसीकरण आणि जंतनाशक सांभाळणाऱ्या पशुसखीला गावातच काम आहे. सोलापुरात चादरी-टॉवेलबरोबर गणवेश शिवणारे कारखाने वाढले आहेत. तिथे लागणारं यंत्र आणि इथल्या वर्गातलं यंत्र एकाच प्रकारचं असलं, तरी निम्मं काम झालं.

करार एका पानाचा पुरे. कोण शिकवणार, कोण कामावर घेणार, किती दिवसांत, किती पगारावर, आणि नाही जमलं तर माणूस कुणाकडे परत येणार. शिवाय प्रत्येक गावाच्या नावापुढे एका संवाद सहायक बाईचं नाव हवं, आणि तिचं मानधन त्याच पानावर लिहिलेलं हवं. भूकंपानंतर हे काम केलेल्या बायकांची पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. बोलावलं तर अजूनही येईल, आणि तरुण सुनांना बरोबर आणेल.

एक कलम मात्र बायकाच लिहितील. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे सोलापूरच्या कारखान्यात जायचा खर्च परवडतो. पण शिलाईची पाळी संध्याकाळी सुटल्यावर अणदूरची गाडी किती वाजता आहे, ती फाट्यावर सोडते की गावात येते, आणि उशीर झाला तर फाट्यापासून घरापर्यंत कोण बरोबर येतं? मुलीची आई हेच तीन प्रश्न विचारते. कारखानदार, आगारप्रमुख आणि सरपंच यांनी सही करण्याआधी त्यांची उत्तरं लिहून द्यावीत.